इथे काहीच नव्हतं

आटपाट नगर होतं, अशी आपली कहाणी सुरू होते. या गोष्टीतल्या राजाला ती सुरुवात चालली नसती. त्याच्या मते नगर नव्हतंच. माळ होता, ओसाड होता, कुणी तिथे दगडावर दगड चढवलेला नव्हता. मग तो आला आणि नगर झालं. नुसतं बोलून थांबला असता तर बोलणं वाऱ्यावर गेलं असतं. त्याने ते दगडात कोरून घेतलं, म्हणून अठ्ठावीसशे वर्षांनी आपण त्याच्याशी हुज्जत घालू शकतो.

राजाचं नाव आर्गिष्टी, मेनुआचा मुलगा. राजधानी तुश्पा, वान सरोवराच्या काठी, आजच्या तुर्कस्तानाच्या पूर्व भागात. त्याचे लोक आपल्या राज्याला बियाइनिली म्हणत. असिरियाचे लोक त्याला उरार्तू म्हणत, आणि असिरिया म्हणजे हाडवैरी. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र वैऱ्याने ठेवलेलंच नाव चाललं. नावांचं हे असं असतं, आणि या गोष्टीत ते पुन्हा पुन्हा होणार आहे.

इ.स.पू. ७८२ मध्ये आर्गिष्टीने अरारात पर्वताच्या उत्तरेच्या मैदानात एक टेकडी निवडली. टेकडी काही फार मोठी नाही. सपाटीपासून जेमतेम ६५ मीटर. पण माथ्यावर उभं राहिलं की सगळं मैदान तळहातावर दिसावं तसं दिसतं आणि समोर अराराताची दोन शिखरं. कोण कुठून येतंय हे वरून अर्धा दिवस आधी कळणार. राजाने तिथे किल्ला बांधला. पायाला दगडाच्या चिऱ्यांची भक्कम बैठक, वर उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचा तट. आत राजवाडा, खाल्दी देवाचं देऊळ, धान्याची कोठारं, दारूचे रांजण. भिंतींना निळे आणि तांबडे रंग. किल्ल्याचं नाव ठेवलं इर्पुनी. आपण वाचतो एरेबुनी.

बांधला कोणी? त्याने कोरून घेतलेली शिळा म्हणते, आर्गिष्टीने. तिथे दुसरं उत्तर नाही. पण वानच्या कड्यावर याच राजाचा मोठा लेख आहे, वर्षावर्षाच्या स्वाऱ्यांचा जमाखर्च असावा तसा. त्यात तोच सांगतो की हत्ती आणि त्सुपानी या मुलखांतून आणलेली ६६०० माणसं त्याने इर्पुनीत वसवली. हत्ती म्हणजे पश्चिमेकडचा देश, आपला हत्ती नव्हे. त्सुपानी म्हणजे युफ्रेटिसच्या वरच्या अंगाचा प्रदेश. लढाईत धरून आणलेली माणसं ती. एकाचंही नाव लेखात नाही, फक्त बेरीज आहे.

इथून पुढची गोष्ट माझी. त्या बेरजेतला एक माणूस मी उचलला आहे.

तो म्हातारा होता आणि विटा थापायचा. चिखल तुडवायचा, त्यात काड मिसळायचा, लाकडी साच्यात भरायचा, वर ओला हात फिरवायचा आणि साचा अलगद उचलायचा. त्सुपानीत तो स्वतःच्या घरासाठी हे करत होता, इथे राजाच्या तटासाठी. वीट तीच, हातही तेच. दिवस मावळला की मात्र तो पश्चिमेकडे तोंड करून बसायचा, जिकडे त्याची नदी राहिली होती.

एक दिवस मातीच्या खड्ड्यात त्याच्या कुदळीला काहीतरी खटकन लागलं. दोन हात खोल होतं. त्याने बोटांनी माती सारली, तर एक खापरी निघाली. बाहेरून काळी कुळकुळीत, घासून चकचकीत केलेली, आतून तांबूस. त्याने ती थुंकी लावून पुसली आणि उन्हात धरून बघत राहिला.

पलीकडे बाभळीएवढ्या सावलीत एक पाथरवट काम करत होता. तरणा होता, तुश्पाहून आलेला, राजाच्या अक्षरांचा कारागीर. पाचरीसारख्या टोकदार खुणा दगडात उतरवणं हे त्याचं काम, आणि पुढ्यात मोठी शिळा आडवी घातलेली.

“बाबा, काय सापडलं? सोनं?”

“सोनं असतं तर तुला दाखवलं असतं का? मडकं आहे.”

पाथरवटाने हातोडी खाली ठेवली, खापरी हातात घेतली आणि परत दिली. “असेल कुणा मेंढपाळाचं.”

“मेंढपाळ एवढं मडकं पाठीवर घेऊन हिंडतो होय? काठ बघ केवढा जाड आहे. हा रांजण होता, लेकरा. रांजण म्हणजे धान्य. धान्य म्हणजे शेत. शेत म्हणजे घर. घर म्हणजे चूल, आणि चुलीशी बसलेली एक बाई, जिने हे गोट्याने घासून घासून चमकवलं. आमच्याकडेही बायका असंच घासतात.”

“बरं मग?”

“मग काही नाही. तू काय कोरतोयस ते वाच जरा.”

पाथरवटाला वाचून दाखवायला आवडायचं. विटावाल्यांत अक्षर कुणाला येत नव्हतं, त्यामुळे मान मिळायचा. त्याने बोट फिरवत वाचलं: खाल्दीच्या थोरवीने मेनुआचा पुत्र आर्गिष्टी याने हा बळकट किल्ला उभारला, पुरा केला, त्याचं नाव इर्पुनी ठेवलं, बियाइनिलीच्या बळासाठी आणि वैऱ्यांच्या मुलखाला धाक म्हणून. पुढची ओळ अजून खडूची होती. भूमी ओसाड होती, इथे काही बांधलेलं नव्हतं.

म्हातारा खापरीकडे बघत राहिला. पाथरवटही बघायला लागला. दोघे थोडा वेळ गप्प होते.

“मजकूर माझा नाही, बाबा. मी फक्त कोरतो.”

“मी कुठे म्हटलं तुझा आहे?”

तरी पोराच्या मनात ते राहिलं. संध्याकाळी मुकादम शिळा बघायला आला तेव्हा त्याने जपून विचारलं, “ती ओसाड भूमीची ओळ, ती तशीच ठेवायची ना?”

मुकादमाला वाटलं पोरगा कामाचा आळस करतोय. “ठेवायची म्हणजे? दोनदा कोरायची आहे. शिळा दोन आहेत, मजकूर एकच. वेशीपाशी बसणार. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघितलं पाहिजे.”

आणि खरोखर तसंच झालं. त्या शिळा दोन आहेत, मजकूर दोन्हींवर तोच. राजाला स्वतःच्या बोलण्याचा एका दगडाने भरवसा वाटला नाही.

त्या रात्री पाथरवट म्हाताऱ्याच्या शेकोटीशी येऊन बसला. बोलता बोलता वडिलांवर आला. त्याच्या वडिलांनी मेनुआ महाराजांच्या कालव्यावर अक्षरं कोरली होती. तो कालवा म्हणजे त्या काळचं आश्चर्य. डोंगरातल्या झऱ्याचं गोडं पाणी पन्नासाहून अधिक किलोमीटर वळवून वानच्या बागांत आणलेलं, कारण सरोवराचं पाणी खारट, सोड्यासारखं, पिकाला घालण्यासारखं नव्हे. ठिकठिकाणी दगडी बांध, आणि बांधांवर लेख.

“आणि लेखाच्या शेवटी शाप,” पोरगा अभिमानाने म्हणाला. “जो हा लेख फोडेल, जो लपवेल, जो दुसऱ्याचं काम असून ‘हे मी केलं’ म्हणेल, त्याला खाल्दी, तेइशेबा आणि शिविनी सूर्याखाली उरू देणार नाहीत.”

म्हाताऱ्याने काटकी विस्तवात सारली. “कालवा खणला कोणी?”

“मेनुआ महाराजांनी.”

“एकट्यांनी?”

पोरगा हसला.

“हसू नको. मी हिशेब विचारतोय. जो खणला नाही आणि ‘मी खणला’ म्हणतो त्याला शाप, असंच ना? मग तो पहिल्यांदा लागायचा कोणाला?”

पोरगा हसायचा थांबला. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते त्याने बघितलं. मग उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने ओसाड भूमीची ओळ कोरली, सुबक कोरली. एक घाव वाकडा नाही. चांगल्या कारागिराचं हेच दुर्दैव की खोटंसुद्धा त्याच्याकडून देखणं होतं.

म्हाताऱ्याचा नातू होता चार-पाच वर्षांचा, याच टेकडीखाली जन्मलेला. तो किल्ल्याचं नाव धड घ्यायचा नाही. कधी इर्पुनी, कधी इर्वुनी, कधी नुसतंच एर्वू. त्सुपानीवाले एक म्हणत, हत्तीवाले दुसरं, खालच्या वाडीतले मेंढपाळ तिसरं. पाथरवट चिडायचा. “अरे नीट म्हणा! वेशीवर लिहिलंय.” पोरगं त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि पुन्हा चुकीचं म्हणायचं. म्हातारा म्हणे, “वेशीवर कुणाला वाचता येतंय? ज्याला ज्याची जीभ वळते तसं तो म्हणणार.”

माझा म्हातारा यानंतर केव्हातरी मेला. पाथरवटही. राजा तर मेलाच.

किल्ला शतकभर भरभराटीत होता. मग आर्गिष्टीचा एक वंशज, दुसरा रुसा, याने तिथून जवळच, ह्राझ्दान नदीच्या काठी, नवा किल्ला बांधला आणि तेइशेबा देवाच्या नावाने त्याला तेइशेबाइनी म्हटलं. एरेबुनीसारखंच तेही आजच्या आर्मेनियातल्या येरेवान शहरात येतं. नवं आलं की जुन्यातलं उचललं जातं, घरात काय आणि राज्यात काय. एरेबुनीतल्या मौल्यवान वस्तू नव्या किल्ल्यात गेल्या. काशाच्या ढाली गेल्या, आर्गिष्टीचं नाव कोरलेल्या, त्यानंतरच्या सार्दुरीच्या नावाच्या. वस्तूवर ‘इर्पुनीची’ म्हणून कोरलेलं, आणि ती ठेवलेली तेइशेबाइनीच्या कोठीत.

ही कोठी मात्र बघण्यासारखी होती. तळघरांत ओळीने जमिनीत पुरलेले रांजण, सगळे मिळून चारशेच्या आसपास. प्रत्येकाच्या अंगावर माप कोरलेलं: इतके अकार्की, इतके तेरुसी. कोठावळ्याला झाकण न उघडता कळावं की आत दारू किती मावते. गहू, बाजरीजातीचं धान्य, तीळ, तेल काढण्याची जागा, दाराला काशाचा अडसर आणि अडसरावर रुसाचं नाव. शिळेवरच्या फुशारकीपेक्षा मला रांजणावरचं हे माप जास्त आवडतं. त्यात धाक नाही, थोरवी नाही. एवढं मावतं, एवढंच लिहिलेलं, आणि खरं.

नव्या किल्ल्याला रुसानंतर फार आयुष्य मिळालं नाही. एके दिवशी हल्ला झाला. विटांच्या भिंतीत बाण रुतून राहिले, त्यांची पाती शक टोळ्यांच्या घडणीची. छपराचं लाकूड पेटलं, तुळया कोसळल्या, अंगणातल्या झोपड्या जळल्या, जनावरं जागीच मेली, धान्य रांजणात आणि पोत्यात कोळसा होऊन राहिलं. कच्च्या विटा त्या आगीत भाजून लाल झाल्या. म्हणून लोक त्या ढिगाऱ्याला पुढे कार्मिर ब्लूर म्हणायला लागले, म्हणजे लाल टेकडी. सगळं जिथे नेऊन ठेवलं ते जळालं, आणि ज्याला रिकामं केलं तो म्हातारा किल्ला वाचला. त्याच्याकडे लुटण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

उरार्तूचं राज्य संपलं. इराणचे हखामनी आले, त्यांनी एरेबुनीत डागडुजी केली, खाल्दीच्या देवळाचा भाग वाढवून तीस खांबांचा दरबार केला. त्यांचा देव वेगळा, राजा वेगळा. मग तेही गेले. पाचरीची लिपी वाचणारा शेवटचा माणूस केव्हा मेला, त्याची नोंद कोण ठेवणार? ती ठेवायला लिपी लागते.

आता शापाचं बघू. आर्मेनियाचा आद्य इतिहासकार मोव्सेस खोरेनात्सी वानच्या कड्याचं आणि त्या पाण्याच्या कामाचं वर्णन करतो, अगदी दिपून जाऊन करतो, आणि सगळं श्रेय देतो शामिराम राणीला. ग्रीक जिला सेमिरामिस म्हणत ती असिरियाची दंतकथेतली सुंदरी. वैऱ्याच्या देशाची राणी! मेनुआचा कालवा लोकांच्या तोंडी शामिरामचा कालवा झाला आणि विसाव्या शतकापर्यंत त्याच नावाने वाहत राहिला. बांधावर मेनुआचं नाव होतं, शापही होता. शामिरामला कोणत्या देवाने हात लावला नाही. पाणीही थांबलं नाही. बागांना काय, झऱ्याचं पाणी मिळाल्याशी काम.

एरेबुनीच्या टेकडीलाही नाव उरलं नाही. लोक तिला आरिन बेर्द म्हणू लागले. रक्ताचा किल्ला, असा त्याचा अर्थ सांगतात. पायथ्याशी आणि पुढे मैदानात एक गाव वाढत होतं, येरेवान. कुठून आलं हे नाव? गावकऱ्यांकडे उत्तरं होती, एक सोडून दोन. नोहाची नाव अराराताला लागली, पाणी ओसरलं, कोरडी जमीन दिसली तेव्हा तो ओरडला, “येरेवात्स!” म्हणजे ‘दिसली!’ तेच गाव. दुसरं उत्तर असं की येर्वांद नावाच्या राजाने वसवलं, म्हणून येरेवान. उत्तरं छान आहेत. टेकडीवरच्या ढिगाऱ्याकडे कुणी विचारायला गेलं नाही. जाऊन उपयोगही नव्हता. दगडाला बोलता येत होतं, माणसाला ऐकता येत नव्हतं.

ऐकणं शिकायला वेळ लागला. १८२७ नंतर शुल्त्स नावाचा जर्मन विद्वान वानला जाऊन लेखांच्या नकला करत बसला. त्यातलं त्याला एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्याने इमानाने खुणा उतरवल्या. १८२९ मध्ये त्या भागातच त्याचा खून झाला. त्या नकला युरोपात पोचल्या आणि पुढे १८८२ मध्ये इंग्रज पंडित सेस याने ही भाषा वाचून दाखवली. ती ना आर्मेनियन निघाली, ना फारसी, ना सेमिटिक. दरम्यान १८७९ मध्ये आरिन बेर्दवर एका स्थानिक माणसाला कोरीव दगड मिळाला होता. वाचल्यावर कळलं, आर्गिष्टीने धान्याचं कोठार बांधलं, १०,१०० कापी मावतील एवढं. म्हणजे टेकडीने पहिल्यांदा तोंड उघडलं ते कोठाराबद्दल. राजाबद्दल नंतर.

वेशीची शिळा सापडायला १९५० उजाडलं. सोव्हिएत आर्मेनियाचा काळ; कोन्स्तांतिन होव्हान्निस्यान हे वास्तुविशारद तिथे उत्खनन करत होते आणि कार्मिर ब्लूर खणून काढणारे बोरिस पिओत्रोव्स्की त्यांच्या जोडीला होते. शिळेवर नाव स्पष्ट होतं. इर्पुनी. वाचणाऱ्याने ते मोठ्याने म्हटलं असेल तेव्हा पायथ्याच्या शहराचं नाव त्याच्या कानात वाजलंच असणार. मधला ओठांचा वर्ण थोडा सैल झालेला, प चा ब, ब चा व, बाकी तेच. पंचवीसशे वर्षं हे नाव कुठल्या वेशीवर नव्हतं, कुठल्या वाचता येणाऱ्या दगडावर नव्हतं. ते चुकीचं म्हणणाऱ्या जिभांवरून आलं होतं, एका पोराकडून दुसऱ्या पोराकडे.

१९६८ मध्ये येरेवानने आपली २७५० वर्षं थाटात साजरी केली. टेकडीच्या पायथ्याशी संग्रहालय उघडलं. शहराला जन्मदाखला मिळाला आणि त्यावर बापाच्या रकान्यात आर्गिष्टी. त्यात वाईट काही नाही. इतकी शहरं दंतकथेवर वाढदिवस करतात. यांच्याकडे निदान दगड आहे.

फक्त त्या दगडातली ती एक ओळ. भूमी ओसाड होती, इथे काही बांधलेलं नव्हतं. येरेवानमध्येच, त्याच ह्राझ्दानच्या काठावर, शेंगावित नावाची जागा आहे. तिथे उत्खननात गोल घरं निघाली, चुली निघाल्या, धान्याचे खड्डे निघाले. आर्गिष्टीच्या आधी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ही वस्ती. तिथली मडकी बाहेरून काळी कुळकुळीत, घासून चमकवलेली, आणि आतून बरेचदा तांबूस.

म्हाताऱ्याने खापरीचं काय केलं ते सांगायचं राहिलंच.

त्या दिवशी पाथरवट आपल्या शिळेकडे वळला तेव्हा मुकादम त्या बाजूने येत होता. म्हाताऱ्याने खापरी साच्यात ठेवली, वर काड घातलेला चिखल दाबला, ओला हात फिरवला आणि साचा उचलला. वीट इतर विटांसारखीच दिसत होती. ती वाळायला बरेच दिवस लागले. मग गाढवावर लादून वर नेली, आणि तटाच्या कामावरच्या माणसाने ती वेशीपाशी लावली, जिथे नंतर ती शिळा बसली त्याच्या बरोबर मागे.